भोपळा कोरायचा वेगळा, खायचा वेगळा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आपण हॅलोविनच्या, म्हणजे एकतीस ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाच्या, घरगुती पार्टीवर पानभर मजकूर छापलात. मी सध्या मुलाकडे अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या पिओरियात आहे आणि आपला पेपर सकाळच्या चहाबरोबर फोनवर वाचतो. पान उघडले तेव्हा आठ वर्षांची नात शेजारी बसली होती. तिने चित्रे पाहिली आणि विचारले, "आबा, यातलं कुणी काय केलंय?" मी चष्मा लावून नीट पाहिले. केशरी प्लास्टिकचे भोपळे, पाकिटातले कोळी, रबरी वटवाघळे, छापील तोरण. कुणीच काही केलेले नव्हते, सगळे आणलेले होते. वर मथळा मात्र 'घरच्या घरी हॅलोविन'.

तेवढ्यावर मी पत्र लिहायला बसलो नसतो. एकतीस वर्षे शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवला, त्यामुळे 'घरी केला' म्हणून दुकानातून आणलेला कंदील मला लांबून ओळखू येतो, आणि अशा कंदिलांना मी मुकाट्याने गुणही दिलेले आहेत. पण त्या पानात काही सूचना अशा आहेत की त्या पाळल्या तर एखाद्या मुलाचे तोंड भाजेल, एखाद्या घराचा पडदा पेटेल आणि सूप तर नक्कीच बिघडेल. तेव्हा दुरुस्ती करणे भाग आहे.

सुरुवात सुपापासून करतो, कारण ते सगळ्यांत निरुपद्रवी आहे. आपण लिहिले आहे की दिव्यासाठी भोपळ्यावर चेहरा कोरताना निघालेल्या गराचे सूप करावे. कोरायला घेतात तो मोठा केशरी भोपळा आकारासाठी आणि जाड देठासाठी निवडून वाढवलेला असतो. त्याचा गर पाणचट आणि धागेदार. खाल्ला तर अपाय नाही, पण चवही नाही. खायचा भोपळा म्हणजे बाजारात 'पाय पंपकिन' (पाय म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) किंवा 'शुगर पंपकिन' म्हणून मिळतो तो लहान, गोल, दोन-अडीच किलोचा. आमच्या इथून जेमतेम वीस मिनिटांवर मॉर्टन नावाचे गाव आहे. ते स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवते आणि १९६७ पासून दर सप्टेंबरात भोपळ्याचा उत्सव भरवते. अमेरिकेत सर्वांत जास्त भोपळा इलिनॉयमध्येच पिकतो आणि त्यातला बहुतेक डबाबंद होतो. मॉर्टनला त्याचा कारखाना आहे. हंगामात ट्रॉल्या भरून भोपळे येताना मी पाहिले आणि चकित झालो, कारण त्यांतला एकही केशरी नव्हता. डिकिन्सन जातीचा तो भोपळा फिकट तपकिरी, लांबोळका असतो. म्हणजे अमेरिकाभर ज्याची पाय खातात तो भोपळा कुणी दारात ठेवत नाही आणि दारात ठेवतात तो कुणी हौसेने खात नाही. बिया मात्र कोरायच्या भोपळ्याच्याही उत्तम लागतात. त्याकडे पुढे येतो.

आता कोरण्याबद्दल. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात वीस ऑक्टोबरलाच भोपळा कोरून ओट्यावर ठेवला. कोरलेला भोपळा टिकतो तीन-चार दिवस, फार तर आठवडा. सत्तावीस तारखेला त्याचे गाल आत बसले, अठ्ठावीसला तोंडाच्या कडेने काळी बुरशी दाढीसारखी उगवली आणि तीस तारखेला उचलायला गेलो तर वरची टोपी हातात आली व बाकीचा लिबलिबीत होऊन पायरीवर बसला. साडेतीन वर्षांच्या नातवाला तो फारच आवडला. त्याच्या मते आजवरच्या सगळ्या भुतांत हेच खरे भूत होते. पण ती पायरी मी अर्धा तास घासली. आता आम्ही एकोणतीस-तीस तारखेशिवाय सुरी लावत नाही. कोरल्यावर कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोळतो, म्हणजे त्या सुकून आत वळत नाहीत.

झाकण वरून कापायचे असेल तर सुरी सरळ खाली घालू नका. तिरकी, टोक मध्याकडे ठेवून फिरवा, नाहीतर झाकण बसवताना सरळ आत पडते. मला विचाराल तर वरून कापूच नये. मागच्या बाजूने किंवा बुडातून भोक पाडावे. देठ शाबूत राहतो आणि भोपळ्याला स्वतःचे डोके असल्यासारखे दिसते. मग आतले धागे चमच्याने खरवडायचे. ज्या बाजूला चेहरा काढणार ती भिंत बोटभर, म्हणजे इंचभर जाडीची होईपर्यंत खरवडत राहायचे. इथे माणसे कंटाळतात, आणि मग भिंत जाड राहून डोळा कोरताना सुरी अडकते. आमच्याकडे कामाची वाटणी ठरलेली आहे. हातांनी बिया काढणे नातवाकडे, कारण त्याला तो बुळबुळीत प्रकार आवडतो. चेहरा कागदावर काढणे नातीकडे. कागद भोपळ्यावर चिकटपट्टीने लावून रेषेवरून टाचणीने भोके पाडणे दोघांकडे. सुरी फक्त मोठ्या माणसाकडे, आणि तीही स्वयंपाकघरातली लांब पात्याची नव्हे. कोरायला करवतीसारखे दाते असलेली बोटभर पात्याची स्वस्त सुरी मिळते, ती घसरत नाही.

मागच्या वर्षी नातीने काढलेल्या चेहऱ्याचे दोन्ही ओठ वर वळले होते, भुवया मात्र खाली झुकलेल्या. कोरून झाल्यावर आत दिवा ठेवला. ती पायरीवरून उतरून रस्त्यापर्यंत गेली, मागे वळून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आबा, तो हसतोय की रडतोय?" मी म्हटले, तू काढलास, तूच सांग. ती म्हणाली, "लांबून हसतोय. जवळ आलं की रडतोय." शाळेत इतकी वर्षे शिकवून मला असे चित्र जमले नाही, हे इथे नमूद करतो.

आमच्या शेजारी एक ऐंशीच्या घरातल्या बाई राहतात. त्यांचे आजोबा आयर्लंडमधल्या डोनेगलहून आलेले. त्यांनी मला पहिल्याच वर्षी सुनावले की भोपळा ही अमेरिकेची चैन आहे, खरा हॅलोविनचा दिवा सलगमाचा. हे खरे आहे. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम पोखरून, त्याला तोंड काढून आत जळती काडी किंवा मेणबत्तीचा तुकडा ठेवत. १८४० च्या दशकातल्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेला आले. इथे आयता मिळणारा भोपळा मोठा, आतून पोकळ आणि कोरायला मऊ, मग सलगमाच्या वाटेला कोण जाणार? आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्याच फिनटाउनहून आलेल्या एका जुन्या सलगम-दिव्याची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलेली आहे. शेजारीणबाईंनी त्याचा फोटो दाखवला. सुकलेले कातडे, खोल डोळे, दोन-चार दात. आपल्या पानावरची सगळी रबरी भुते त्याच्यापुढे बाहुल्या आहेत.

बाईंनी आव्हान दिले म्हणून मी एक सलगम आणला, मुठीएवढा. दीड तास लागला. पहिला चमचा वाकला, दुसऱ्याने मनगट दुखले. कच्च्या सलगमाचा उग्र वास स्वयंपाकघरात दोन दिवस होता आणि आमच्या हिने त्याबद्दल जे काही म्हणायचे ते म्हणून घेतले. पण दिवा झाला. कातडीतून उजेड पिवळसर, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा येतो. नातू त्या खोलीत जाईना. मी तो दिवा शेजारीणबाईंना नेऊन दिला, आणि त्यांनी काही न बोलता खिडकीत ठेवला.

त्यांच्याच घरी मी बार्मब्रॅक खाल्ला. चहात रात्रभर भिजवलेल्या मनुका घालून केलेला गोडसर पाव तो. त्यात अंगठी, नाणे, चिंधी, काडी, वाटाणा अशा वस्तू लपवायच्या. अंगठी आली तर वर्षात लग्न, नाणे आले तर पैसा, चिंधी आली तर दारिद्र्य. माझ्या वाट्याला चिंधी आली. पेन्शनरला हे सांगायला पाव कशाला हवा, असे मी म्हटले आणि बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मुले असतील तर वस्तू कागदात नीट गुंडाळून घालतात आणि कापण्याआधी सगळ्यांना सांगतात. दातांखाली अंगठी येणे ही भविष्यवाणी नव्हे, दंतवैद्याचे बिल आहे.

आता भुताकडे वळतो. आपण छापलेले लटकते भूत पाकिटातले आहे. घरी करायला लागते विरविरीत सुती कापड, ज्याला इथे चीजक्लॉथ म्हणतात, आणि खळ. हो, साधी कपड्यांना देतात ती खळ. इथे मी ती कॉर्नस्टार्चची करतो. थंड पाण्यात दोन चमचे कालवायचे, दोन कप उकळत्या पाण्यात ओतून ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचे आणि निववायचे. एक रिकामी बाटली घ्या, तिच्या तोंडावर जुना चेंडू बसवा, दोन्ही बाजूंना तारेचे हात काढा. हे सगळे प्लास्टिकच्या पिशवीने झाका, नाहीतर कापड त्यालाच चिकटून बसते. मग कापड खळीत बुडवून, हलके पिळून, त्या सांगाड्यावर टाकायचे आणि चुण्या बोटांनी ओढून ओढून खाली आणायच्या. पदर जमिनीला जरा टेकला पाहिजे, नाहीतर ते उभे राहत नाही. रात्रभर, दमट हवा असेल तर दोन रात्री, हात लावायचा नाही. हा भाग मुलांना सगळ्यांत कठीण जातो.

वाळल्यावर बाटली, चेंडू, तार अलगद खालून काढून घ्यायची. कापड तसेच उभे राहते. काळ्या कागदाचे दोन डोळे चिकटवले की झाले. पहिले भूत झाले तेव्हा नात जमिनीवर आडवी पडली, त्याच्या पदराखालून आत पाहिले आणि ओरडली, "आबा, आत कुणीच नाहीये!" नंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला आडवे पाडून तिने हे दाखवले, मुलाच्या ऑफिसातल्या साहेबांनासुद्धा. आपल्या पानावरचे पाकिटातले भूत साडेबारा डॉलरचे आहे. आमच्या चार भुतांना मिळून सहा डॉलरचे कापड लागले, आणि त्यांच्या आत पाहता येते.

बाकी सजावट मी भराभर सांगतो, तिच्यात फारसे गुपित नाही. काळा कार्डपेपर मधोमध दुमडून अर्धे वटवाघूळ कापले की उघडल्यावर पूर्ण होते. पंखांना उलटसुलट घडी घातली की भिंतीवर उडाल्यासारखे दिसते. टॉयलेट पेपरची रिकामी नळी घेऊन तिला दोन डोळ्यांच्या आकाराची भोके पाडायची, आत प्रकाशकांडी (ग्लो स्टिक) ठेवून झुडपात खोचायची. अंधारात झुडूप आपल्याकडे पाहायला लागते. दुधाचा गॅलनचा पांढरा कॅन धुऊन, त्यावर तोंड रंगवून, मागे भोक पाडून आत दिव्यांची माळ कोंबली की वाटेच्या कडेचा कंदील तयार. अंड्यांच्या पुठ्ठ्याचे तीन खण सलग कापून काळे रंगवले की तेही वटवाघूळ होते, पण माझ्या मते ते पुठ्ठ्यासारखेच दिसते.

त्या पांढऱ्या कापसासारख्या कोळिष्टकांबद्दल एक विनंती. आपण ती झाडांवर पसरायला सांगितली आहेत. ती पाकिटे स्वस्त असतात, ताणली की अंगणभर होतात, हे मान्य. पण त्या तंतूंत लहान पक्षी अडकतात, कधी घुबडही. त्यांना सुटता येत नाही. कोळिष्टक घरात, खिडकीच्या आत लावावे. बाहेर हवेच असेल तर जाड सुतळीचे विणावे, ते पक्ष्याला दिसते. आठ वर्षांच्या मुलीला सुतळीचे जाळे विणायला एक दुपार लागते आणि त्या दुपारी घरात शांतता असते.

समोरच्या घरी बारा फुटी सांगाडा आहे. अशा सांगाड्याला तीनशे डॉलरच्या आसपास पडतात. डिसेंबरात त्याला सांताक्लॉजची टोपी घालतात, म्हणजे पैसे वसूल. माझा त्याच्यावर राग नाही. पण त्या घरची मुले संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात, याची मी नोंद घेतली आहे.

आता गंभीर गोष्ट. कागदी कंदिलात आणि वाळलेल्या मक्याच्या पेंढीशेजारी मेणबत्ती लावलेला फोटो आपण छापलात. मक्याची पेंढी म्हणजे काडेपेटी. त्या संध्याकाळी गोळ्या मागायला दारात लांब झगे, टोप्या, पंख घातलेली मुले येतात, पायरीवर वाकतात आणि झग्याची कड त्या ज्योतीवर येते. इथले अग्निशमन दलाचे लोक दरवर्षी सांगतात की बॅटरीवरचा दिवा वापरा. तो स्वस्त मिळतो. मेणबत्तीसारखा लुकलुकतो, वाऱ्याने विझत नाही, आणि भोपळाही आतून भाजून लवकर बसत नाही.

आणि ड्राय आइस. 'पेल्यात ड्राय आइसचा छोटा खडा टाका, धुराने मुले खूश होतील' हे वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला. ड्राय आइस हे बर्फ नव्हेच, तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड. उणे ७८.५ अंश सेल्सिअस. पाणी न होता थेट वायू होतो, आणि त्याच्या गारठ्याने बाष्पाचे धुके होते, तोच तो धूर. उघड्या हाताने धरला तर कातडी करपते. पेल्यातला खडा मुलाने सरबताबरोबर गिळला तर तोंड, घसा, पोट आतून भाजते. झाकण लावलेल्या बाटलीत टाकला तर बाटली फुटते, आणि बंद गाडीतून नेला किंवा छोट्या खोलीत ठेवला तर हवेतला प्राणवायू कमी पडतो. धूर हवाच असेल तर मोठ्या भांड्यात गरम पाणी व खडा, त्यात वेगळे बसवलेले सरबताचे भांडे, खडा चिमट्याने आणि जाड मोज्यांनी, तोही मोठ्या माणसाने. आमच्या घरी आम्ही तो आणतच नाही.

त्याऐवजी आम्ही गोठलेला हात करतो. पावडर नसलेला हातमोजा आतून-बाहेरून धुवायचा, लॅटेक्सचा नको कारण कुणाला तरी त्याची अॅलर्जी असते. त्यात सफरचंदाचा रस भरून, तोंड बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी कोमट पाण्यात क्षणभर बुडवायचा आणि मोजा कात्रीने कापून सोलायचा. पहिल्या वर्षी माझ्या घाईने दोन बोटे तुटली. मी हिरमुसलो, पण पोरांनी तीन बोटांचा हात सरबताच्या भांड्यात तरंगताना पाहिला आणि तुटलेली बोटे कुणाच्या पेल्यात येतात यावर पैज लावली. तेव्हापासून आम्ही दोन बोटे मुद्दाम तोडतो. मोज्याचा एखादा तुकडा बर्फाला चिकटून राहिला नाही ना, हे तेवढे बघायचे.

खाण्याच्या बाबतीत माझे मत सूनबाईंशी जुळत नाही, तरी लिहितो. पानावरचा काळा केक आणि हिरवे नूडल्स पाहायला बरे. पण दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे तसाच काळा केक झाला होता. सगळ्यांच्या जिभा दोन दिवस काळ्या राहिल्या, सोफ्याचा डाग अजून आहे, आणि केक निम्मा उरला. मूल त्याला ओळखीचे वाटेल तेच खाते. ओळखीच्या पदार्थाला डोळे लावा, पुरे. सॉसेजला मैद्याच्या तयार पिठाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वर डोळ्यांपुरती फट ठेवायची, ३७५ फॅरनहाइटला बारा-पंधरा मिनिटे भाजायचे आणि फटीत मोहरीच्या सॉसचे दोन ठिपके द्यायचे. ममी तयार. पट्ट्या गुंडाळणे हे चार वर्षांचे मूलही करते, आणि जितके वेडेवाकडे करते तितकी ममी चांगली होते. केळे आडवे कापून उभे केले, चॉकलेटचे तीन दाणे खोचले, भूत झाले. सोललेल्या संत्र्याच्या डोक्यात सेलरीचा हिरवा तुकडा खोचला, भोपळा झाला. टोमॅटोच्या सुपावर सावर क्रीमची चक्री काढून टूथपिकने मधून बाहेर रेघा ओढल्या की कोळ्याचे जाळे. यातल्या कशालाच रंगाची बाटली लागत नाही.

आणि बिया. धुऊन, धागे काढून, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे उकळायच्या, पंचावर कोरड्या करायच्या, थोडे तेल लावून ३५० फॅरनहाइटला पंधरा-वीस मिनिटे, मध्ये एकदा हलवून. उकळल्यामुळे मीठ आतपर्यंत जाते आणि साल चिवट राहत नाही. आमची ही त्यावर तिखट भुरभुरते. शेजारीणबाई त्या भांडे हातात घेऊन बसतात आणि कुणाला देत नाहीत.

लहान मुले येणार असतील तर आपल्या पानावरची द्राक्षांची 'डोळ्यांची वाटी' तशीच ठेवू नका. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खे द्राक्ष, पॉपकॉर्न, कडक गोळी अडकते. द्राक्षाचे उभे चार तुकडे करावेत. सोललेली द्राक्षे खोक्यात झाकून, शेजारी थंड शिजवलेले स्पॅगेटी ठेवून, डोळे बांधून हात घालायला लावण्याचा खेळ मात्र झकास आहे. ते खाण्यासाठी नसते, एवढेच आधी सांगायचे. आमच्या नातवाने सांगूनही एक डोळा खाल्ला, पण मी शेजारीच बसलो होतो.

परातीभर पाण्यातली सफरचंदे तोंडाने उचलण्याचा खेळ आपण सुचवला आहे. सगळ्यांची लाळ एकाच पाण्यात. त्याचा जुना भाऊ बरा, टांगलेले फळ हात न लावता चावण्याचा. पूर्वी आडव्या काठीच्या एका टोकाला सफरचंद आणि दुसऱ्या टोकाला पेटती मेणबत्ती लावून काठी गरगर फिरवत. आम्ही दोरीला डोनट टांगतो. मेणबत्ती शेजारीणबाईंनी सुचवून पाहिली, मी नाही म्हटले.

एक गोष्ट आपल्या लेखिकेला बहुधा ठाऊक नसावी. घरी केलेले लाडू, चिक्की, कपकेक दारात येणाऱ्या मुलांच्या पिशवीत घालू नयेत. दुसऱ्या महायुद्धातले साखरेचे रेशनिंग १९४७ मध्ये उठले आणि दारोदार गोळ्या मागायची पद्धत इथे जोरात पसरली. तेव्हा लोक घरचे पॉपकॉर्नचे गोळे, कुकी, सफरचंद देत. मग परक्यांनी विष घातल्याच्या अफवा पसरल्या. १९७४ साली टेक्ससमध्ये एक मुलगा खरोखर दगावला, पण ते विष परक्याने नव्हे, विम्याच्या पैशांसाठी बापानेच दिले होते. तरी भीती राहिली ती राहिलीच. आज पालक उघडे खाणे घरी गेल्यावर टाकून देतात. तुम्ही दुपारभर खपून केलेले ते कचऱ्याच्या पेटीत जाते. म्हणून दारासाठी बंद वेष्टनातल्या गोळ्या, आणि हातची कारागिरी पार्टीच्या टेबलासाठी. दाराबाहेरचा दिवा चालू असेल तरच मुले बेल वाजवतात, गोळ्या संपल्या की दिवा बंद करायचा, हा अलिखित नियम आहे. पहिल्या वर्षी मला तो माहीत नव्हता. गोळ्या संपल्यावरही बेल वाजत राहिली आणि मी एका छोट्या चेटकिणीला खिशातली आवळासुपारी दिली. तिच्या आईचा चेहरा अजून आठवतो.

फिरोजी रंगवलेला भोपळा दारात दिसला तर तिथे अॅलर्जीच्या मुलांसाठी खाऊऐवजी खेळणी, पेन्सिली, स्टिकर ठेवलेले असतात. २०१४ पासून ही पद्धत देशभर पसरली आहे. नातीच्या वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याने श्वास लागतो. आमचा एक भोपळा त्याच्यासाठी तसा रंगवतो. रंगवलेला भोपळा खतात घालायचा नाही. बाकीचे एक नोव्हेंबरला आतला दिवा काढून, फोडून परसातल्या खताच्या ढिगात जातात. कचऱ्याच्या डेपोत गेले तर कुजून मिथेन करतात. तसे फोडायला फार उरतच नाही म्हणा, खारी आदल्या रात्रीच नाक आणि अर्धा ओठ खाऊन गेलेल्या असतात.

ड्राय आइसची दुरुस्ती एकतीस ऑक्टोबरच्या आत, आणि ज्या जागी चूक छापली त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत यावी, ही विनंती. सुपाचे नंतर छापले तरी चालेल. सोबत नातीने काढलेला वटवाघळाचा साचा पाठवत आहे. वाचकांनी तो कापून, घडी घालून खिडकीत लावावा. त्याचा डावा पंख उजव्यापेक्षा मोठा आहे. तो तसाच छापावा, तिने मुद्दाम तसा काढला आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
मुक्काम पिओरिया, इलिनॉय